हिरव्या पाण्याची राखण

पत्रा उडाला तो थेट चाकावर जाऊन आदळला. म्हाळसाबाई डोक्यावर रिकामं पोतं धरून गोठ्याच्या दारात उभी होती. तिनं ते डोळ्यांदेखत पाहिलं. आधी लोखंडाचा खणखणाट झाला, मग मोटरीनं एकदाच घुर्र केलं आणि ती गप्प झाली. वाऱ्याच्या एवढ्या गोंगाटातही म्हाळसाबाईला ते गप्प होणं ऐकू आलं.

वैशाखातलं वादळ ते. दौलताबादच्या किल्ल्याच्या अंगानं धुळीचा लोट उठला, पडेगाववरून शहराकडं गेला, जाताना दौलताबाद रस्त्यावरची झाडं आडवी केली, विजेचे खांब वाकवले, चार थेंब टाकले आणि निघूनही गेला. पुन्हा ऊन पडलं. गोठ्यातल्या म्हशी धास्तावून एकमेकींना चिकटल्या होत्या, त्या सुट्या झाल्या. म्हाळसाबाई मात्र पदर खोचून हौदाकडं पळाली.

हौद म्हणायचा, पण तो घरच्या हौदासारखा चौकोनी नव्हता. लांबट, दोन्ही टोकांना गोल, मधोमध एक बुटकी भिंत. शाळेच्या मैदानावर पोरांना पळायला फक्की मारून रिंगण आखतात, तसा. आत जाड काळं प्लास्टिक अंथरलेलं आणि त्यावर नडगीभर पाणी. हिरवंगार. एका बाजूला लोखंडी पात्यांचं चाक फिरायचं आणि त्याच्या रेट्यानं ते पाणी दिवसरात्र सावकाश गोल चालत राहायचं. आता चाकाची पाती दुमडून पत्र्यात अडकली होती, मोटर बैठकीतून उखडून कलंडली होती. म्हाळसाबाई काठावर वाकली. वाऱ्यानं आणून टाकलेलं लिंबाचं एक पान पाण्यावरून जरा पुढं गेलं, रेंगाळलं आणि जागच्या जागी उभं राहिलं.

"आगं बया," ती स्वतःशीच म्हणाली.

ही डेअरी रामकिसनदादांची. आता कारभार त्यांचा मुलगा इंद्रजीत बघायचा. शंभराच्या आसपास म्हशी, त्यांचं शेण गोबरगॅसच्या टाकीत जायचं, आणि गॅस निघाल्यावर मागं उरायचं ते काळपट, दाट पाणी. खताचा अर्कच तो. बेतानं दिला तर पीक खुलतं. रोज एका जागी सोडला तर जमीन आणि विहीर दोन्ही नासतात. कित्येक वर्षं हे पाणी डेअरीमागच्या नाल्यातच सोडलं जायचं. नाला पुढं धनगरवस्तीच्या कडेनं जातो. तिथल्या विहिरीच्या पाण्याला आधी वास लागला, मग बायकांनी त्यात डाळ शिजेना म्हणून ओरड केली, मग एका तान्ह्या लेकराला ते पाणी बाधलं तेव्हा डॉक्टरांनीच पिऊ नका म्हणून सांगितलं. तेव्हापासून वस्ती टँकरवर आली.

मंजुषा मॅडम नंतर आल्या. शहरातल्या एका कॉलेजात शिकवायच्या, राहायला गारखेड्याला. त्यांनी इंद्रजीतला पटवून हा हौद बांधवला आणि त्याच्याकडं बघायला एखादी बाई पाहिजे म्हणून वस्तीवर विचारत फिरल्या. म्हाळसाबाई तेव्हा कुणाच्या तरी शेतात खुरपायला जात होती. मॅडमनी तिला हौदाच्या काठावर नेऊन सांगितलं होतं:

"मावशी, डोळ्यांना एकेकटं दिसणार नाही एवढं बारीक शेवाळ आहे हे. त्याला ऊन पाहिजे आणि खत पाहिजे. शेणाच्या पाण्यातलं खत ते खातं आणि वाढतं. वाढलं की गाळून घ्यायचं, वाळवून शेतात टाकायचं. मागं जे पाणी राहतं ते गवताला सोडायचं. नाल्यात थेंबही जाणार नाही. फक्त एवढंच, की पाणी थांबलं नाही पाहिजे. थांबलं की शेवाळ तळाशी बसतं, खालच्याला ऊन मिळत नाही, ते कुजायला लागतं. मग सगळंच मरतं."

"म्हंजी बसू द्यायचं नाय," म्हाळसाबाई म्हणाली होती. "चालतं ठिवायचं."

"बरोबर."

"मेंढरावानीच म्हना की."

मॅडम हसल्या होत्या. म्हाळसाबाई हसली नव्हती.

मेंढरांचं नाव निघालं की तिला हसू येत नसे. लग्न होऊन आली ती कळपातच आली. सूर्यभान पुढं, ती मागं, घोड्यावर बिऱ्हाड. दिवाळी झाली की गोदावरीच्या अंगाला उतरायचं आणि पाऊसपाण्याच्या सुमाराला माघारी यायचं. तिची मोनिका पैठणच्या अलीकडं एका उसाच्या फडाच्या बांधावर जन्मली. पुढं पोरीच्या शाळेसाठी त्यांनी पडेगावच्या वस्तीवर घर बांधलं आणि सूर्यभान जवळपासच चारू लागला. आणि मग तो उन्हाळा आला. नाल्यात पाणी कुठंच नव्हतं, फक्त डेअरीच्या मागच्या डोहात साचलेलं, वर हिरवी साय धरलेलं. तहानलेली मेंढरं त्यात शिरली. सांजेला त्यांचे पाय लटपटायला लागले, एकेक करत ती आडवी झाली. जनावरांचे डॉक्टर आले, म्हणाले, घाण पाणी असं साचून तापलं की त्यावर एक जातीचं विषारी शेवाळ येतं, इलाज नाही. सूर्यभान डेअरीवर गेला तेव्हा रामकिसनदादा ओट्यावरून म्हणाले, "नाला काय माझा हाय का? कुनाचं मेंढरू कुठं पानी पितं ते मी बघत बसू?"

सूर्यभान तसाच माघारी फिरला. घरी आला आणि दारातल्या दगडावर बसला. तेव्हापासून तो जणू तिथंच बसला होता. कामाला जायचा, बाजाराला जायचा, मोनिकाच्या लग्नात पाहुण्यांच्या पंगतीला वाढायला उभा राहिला. पण घरी आला की दगडावर बसायचा आणि मेंढरू म्हणून त्यानं पुन्हा दारात आणलं नाही.

म्हाळसाबाई हौदावर कामाला लागली तेव्हा शेजारची भामाबाई तिला तोंडावर म्हणाली, "ज्या हिरव्या पान्यानं मेंढरं खाल्ली त्येचीच चाकरी धरलीस व्हय गं?" सूर्यभान तेही म्हणाला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली तर दाराबाहेर पाण्यानं भरलेली बादली आणि साबणाची वडी ठेवलेली होती. ती समजली. तेव्हापासून कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय ती चुलीला शिवत नसे, आणि हौदाविषयी घरात एक शब्द काढत नसे.

*

इंद्रजीत आला, चाकाभोवती फिरला, मोटर पायानं हलवून बघितली.

"हे सगळं चिकलठाण्याला वर्कशॉपात न्यावं लागेल, मावशी. पाती नवी करायची, मोटरीचं वायंडिंग भरायचं. तिकडंही लाइट गेलेली आहे म्हणतात. रस्ता मोकळा झाला की टेम्पोत घालून पाठवतो. परवापर्यंत झालं तर झालं."

"तवर काय करायचं?"

"काय करणार? मरू द्या. मंजुषा मॅडम नवीन आणून टाकतील."

"नवं वाढायला?"

"महिना-दीड महिना जाईल."

"आन् रोजचं पानी? ते कुठं जाईल?"

"बघू काहीतरी," इंद्रजीत म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. पण बोलता बोलता त्याची नजर कुंपणापलीकडच्या नाल्याकडं गेली, आणि म्हाळसाबाईनं ती बघितली.

तिनं मॅडमना फोन लावला. आवाज तुटत होता. "नवं पाणी आत सोडू नका," मॅडम सांगत होत्या. "टाकीत साठू द्या, दोन-तीन दिवस मावेल. आणि आहे ते हलवत राहा, कसंही. रात्री ऊन नसतं, तेव्हा थोडं बसलं तरी चालेल, पण सकाळी लवकर उठवा त्याला. आमच्या गल्लीत झाड पडलंय मावशी, गाडी निघत नाहीये. निघाली की येतेच."

गड्यांनी चाक आणि मोटर उचलून बाहेर काढली, तशी गोठ्यातून एक फळी घेऊन म्हाळसाबाई पाण्यात उतरली. फळी आडवी धरायची आणि ढकलत चालायचं. पाणी फळीच्या दोन्ही बाजूंनी निसटून मागं यायचं. अंधारून आलं तरी ती ढकलत होती. शेवटी गोठ्यातल्या गड्यानं हाक मारली तेव्हा ती बाहेर आली, तळहाताला फोड आले होते.

घरी सूर्यभान दगडावर होता. तिनं हात धुतले. साबण फोडांना झोंबला तसा तिनं श्वास आत ओढला.

"चाक मोडलं म्हनं," सूर्यभान म्हणाला.

इतक्या दिवसांत हौदाविषयी त्यानं काढलेला हा पहिला शब्द. म्हाळसाबाईनं पदराला हात पुसले.

"व्हय. पत्रा पडला."

"मग?"

"मग काय. मेलं तर नाल्यात सोडत्याल पानी. पहिल्यावानी."

तो उठून आत गेला. जेवताना त्यानं तिच्या हाताकडं बघितलं. तिला भाकरी मोडता येत नव्हती, म्हणून त्यानं आपल्या ताटातली भाकरी दुधात कुस्करली आणि ते ताट तिच्यापुढं सरकवलं. असं त्यानं याआधी कधी केलं होतं ते तिला आठवेना.

*

सकाळी उजाडताच ती हौदावर होती. पाणी वरून निवळलं होतं, जणू चांगलंच झालंय. पण पाय घातला की तळातून गडद हिरवा ढग उठायचा. तिनं हाताला फडकं गुंडाळलं आणि फळी ढकलायला लागली.

ऊन अंगावर आलं तेव्हा कुंपणापाशी कुणीतरी उभं असल्याचं तिला जाणवलं. सूर्यभान. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. डेअरीच्या आवारात त्यानं त्या दिवसानंतर पाऊल टाकलं नव्हतं. आताही तो कुंपणाबाहेरच होता.

"मरायलंय का ते?" त्यानं विचारलं.

"मरंल. असंच थांबून राह्यलं तर मरंल."

"मरू दे की मग."

म्हाळसाबाई थांबली नाही. तिनं एक फेरा पुरा केला, दुसरा केला. तिसऱ्याला बघते तर तो आत येऊन काठावर उकिडवा बसला होता आणि गोल टोकाच्या कोपऱ्याकडं टक लावून बघत होता. तिथं तिची फळी पोचत नव्हती. पाण्याचा रंग काळवंडला होता आणि खालून बारीक बुडबुडे येत होते. सूर्यभाननं नाक वर केलं.

"हा वास," तो म्हणाला.

"व्हय. कुजायला लागलंय तिथं."

"डोहावर हाच होता. त्या दिशी."

म्हाळसाबाईच्या हातातली फळी जागीच राहिली. इतक्या वर्षांत त्या दिवसाचं नाव त्यानं स्वतःहून काढलं नव्हतं. ती काहीतरी बोलणार होती, पण तो उठला होता आणि चपला काढत होता.

"तू एकटी कवर हालवशीन?" तो वैतागल्यासारखा म्हणाला. "आन् असं मधातून हाकतेत का कुनी? दोन्ही कडंनी मोकळं सुटायलंय ते."

"काठी नका आनू आत," ती घाईनं म्हणाली. "खाली प्लास्टिक हाये. फाटंल."

त्यानं काठीकडं बघितलं. मग ती भिंतीला टेकवून ठेवली, घोंगडं तिच्यावर टाकलं, धोतर वर खोचलं आणि पाण्यात पाय घातला. लगेच काढला. पुन्हा घातला.

"गार हाये," तो म्हणाला.

त्यानं गोठ्यातून मोठं पोतं मागून आणलं, उसवून लांब केलं. एक टोक तिला दिलं. ती मधल्या भिंतीच्या कडेनं, तो बाहेरच्या कडेनं, आणि पोतं दोघांच्या मध्ये पाण्यात पडद्यासारखं सोडलेलं. दोघं चालायला लागले. आता पाण्याला निसटायला जागा नव्हती. ते पुढं सरकू लागलं. वळणावर म्हाळसाबाईनं पावलं लहान करायची आणि त्यानं लांब टाकायची. हे तिला सांगावं लागलं नाही. पोरगी पाठीला बांधून ती कळपाच्या मागं आतल्या कडेनं चालायची तेव्हा वळणावर असंच करायची.

काळवंडलेल्या कोपऱ्यात तो थांबून पायानंच तळ घुसळायचा आणि पुन्हा पुढं निघायचा. ऊन चढत होतं. किती फेरे झाले कुणास ठाऊक, आणि मग म्हाळसाबाईनं ते ऐकलं. आधी तिला वाटलं तो खाकरतोय.

"हिर्रर्र... हाऽऽ हुर्र... हिर्रर्र..."

जिभेच्या टोकावर काढलेला तो मेंढरं हाकायचा आवाज. त्याचा त्यालाच पत्ता नव्हता. नजर पाण्यावर, मान जराशी वाकडी, आणि तोंडानं हळूच हिर्रर्र. म्हाळसाबाईनं त्याच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर तो गप्प झाला असता. ती पुढं बघत चालत राहिली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं खांद्यानं पुसलं, कारण हातात पोतं होतं.

*

मंजुषा मॅडम आल्या तेव्हा दुपार व्हायला आली होती. स्कूटी फाटकातच टाकून त्या धावत आल्या आणि काठावर थबकल्या.

"मावशी, हे कोण?"

"मालक हायेत आमचे."

मॅडमना सूर्यभानची गोष्ट माहीत होती. त्यांनी बाटलीत पाणी घेतलं, उन्हाकडं धरलं, बराच वेळ बघितलं. "जिवंत आहे," त्या म्हणाल्या. "थकलंय, पण जिवंत आहे." मग सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून त्याही उतरल्या आणि खराट्यानं कोपरे हलवायला लागल्या.

सूर्यभाननं त्यांना फेऱ्यातच विचारलं, "बाई, ह्ये आन् त्ये डोहातलं, एकच का?"

"नाही काका. ते वेगळ्या जातीचं. घाण पाणी साचून तापलं की ते माजतं, आणि त्यातलं काही विषारी निघतं. हे दुसरं आहे. हे नीट सांभाळलं तर डोहात जाणारं खत आधीच खाऊन टाकतं."

"मंग हे पानी जनावराला चालंन?"

मॅडम थांबल्या. हो म्हणणं सोपं होतं. "नको," त्या म्हणाल्या. "गवताला द्यायचं. जनावराला पाजायला मी सांगणार नाही."

सूर्यभाननं मान हलवली. त्या उत्तरानं त्याचं समाधान झालं असं म्हाळसाबाईला वाटलं.

ऊन उतरताना रामकिसनदादा आले. आता त्यांना दिसायला कमी आलं होतं, गुडघे गेले होते. एका हातानं भिंत धरत, दुसऱ्या हातात चहाचा पेला घेऊन ते एकटेच हौदाच्या काठावर येऊन उभे राहिले. पाण्यात कोण आहे ते त्यांना कुणीतरी सांगितलं असणार.

"सूर्यभाना," त्यांनी हाक मारली.

सूर्यभान समोरून गेला. पोतं ओढत, सावकाश. दादांना तो फेरा संपेपर्यंत वाट बघावी लागली.

"सूर्यभाना, त्या सालाचं... तुझ्या मेंढरांचं..."

तो पुन्हा पुढं गेला होता. पोत्याचं दुसरं टोक धरून म्हाळसाबाई पाण्याकडं बघत चालत होती. हे बोलणं व्हावं असं तिला वाटत होतं आणि होऊ नये असंही वाटत होतं. ते दोघं गोल टोकाला वळले, पलीकडच्या बाजूनं गेले, पुन्हा वळले. दादा तसेच उभे.

"मी तवा ओट्यावरून जे बोललो..."

"दादा," सूर्यभान चालता चालताच म्हणाला. आवाजात राग नव्हता. "बोलत हुबं राह्यलं की पानी थांबतं."

आणि तो गेला.

रामकिसनदादा माघारी जातील असं म्हाळसाबाईला वाटलं. पण ते गेले नाहीत. दोन फेरे झाले, तीन झाले. चहा निवला असणार. म्हातारा पेला पुढं धरून, पाण्याच्या आवाजाकडं कान देऊन उभाच होता. मग एका फेऱ्याला सूर्यभाननं जाता जाता, पाऊल न थांबवता, त्यांच्या हातातला पेला घेतला. चालत चालत प्याला. पुढच्या फेऱ्याला रिकामा पेला त्यांच्या हातात परत दिला.

दादांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि भिंत चाचपत गोठ्याकडं गेले.

*

दुसऱ्या दिवशी भामाबाई आली. "तमाशा बघाया आले," म्हणाली, आणि घटकाभर बघून झाल्यावर म्हाळसाबाईच्या फोडांवर नजर गेली तशी तिच्या हातातलं पोत्याचं टोक हिसकून घेत म्हणाली, "सरक तिकडं. मेली हात कुजवून घ्यायलीस." तिच्यामागं वस्तीतल्या आणखी दोघीतिघी आल्या. आळीपाळीनं फेरे चालू राहिले. सूर्यभानला मात्र कुणी "बसा" म्हटलं तरी तो बसला नाही. जोडीदारीण बदलायची, त्याचं टोक त्याच्याच हातात.

दिवस कलताना टेम्पो चिकलठाण्याहून परतला. इंद्रजीत आणि मिस्तरीनं चाक चढवलं, मोटर बसवली. लाइट आलेलीच होती. बटण दाबलं तसं चाक एकदा अडखळलं आणि मग नवी पाती एकामागून एक पाण्यात बुडू लागली. चळक, चळक, चळक. बाया काठावर आल्या. मॅडमनी टाळी वाजवली आणि सगळ्यांना साबणानं हातपाय धुवायला पिटाळलं.

सूर्यभान आतच उभा होता. इतका वेळ तो पाण्याला ढकलत होता. आता पाणी मागून येऊन त्याच्या पोटऱ्यांना ढकलत होतं. त्यानं पाय जरा फाकवून घेतले आणि ते हिरवं पाणी दोन्ही पायांमधून जाऊ दिलं.

"या की बाहीर," म्हाळसाबाई म्हणाली.

"येतो," तो म्हणाला, आणि आणखी थोडा वेळ थांबला.

पुढचं सांगायचं तर फार नाही. शेवाळ वाचलं. टाकीतलं साठलेलं पाणी थोडं थोडं करत हौदात गेलं, नाल्यात गेलं नाही. पुढच्या हिवाळ्यात इंद्रजीतनं शेजारी दुसरा हौद बांधला आणि सूर्यभानला कामावर ये म्हणून निरोप धाडला. सूर्यभाननं "नगं" एवढंच कळवलं. तो अधूनमधून येतो, काठावर बसतो, चाकाला काही अडकलं असेल तर काढून टाकतो आणि जातो. मेंढरं त्यानं पुन्हा घेतली नाहीत. विहिरीचा वास कमी झाला आहे. बाया धुणं तिथं धुतात. मंजुषा मॅडम दर काही महिन्यांनी पाणी तपासायला नेतात आणि दर वेळी सांगतात, अजून प्यायचं नाही, जमिनीत मुरलेलं जायला वेळ लागतो. वस्ती वाट बघते आहे. दाराबाहेरची बादली आणि साबण अजून आहे, मॅडमच सांगतात म्हणून; पण आता ती ज्याचा हात मोकळा असेल तो भरून ठेवतो.

चाक सुरू झालं त्या संध्याकाळी मात्र दोघं रस्त्यानं घरी निघाले. सूर्यभान पुढं, म्हाळसाबाई मागं. मेंढरांच्या दिवसांत असंच चालायचे. तो वाट काढायचा, ती मागं राहिलेलं हाकायची, आणि मधल्या जागेत कळप. कळप गेला तरी दोघांच्या चालण्यात तेवढं अंतर राहूनच गेलं होतं. बाजाराला जाताना, मोनिकाच्या सासरी जाताना, कुठंही. तिनं त्याचा कधी विचार केला नव्हता. आज पाय भरून आले होते म्हणून ती सावकाश चालत होती आणि तिच्या ते ध्यानात आलं.

दौलताबाद रस्ता ओलांडायचा होता. दोन्ही बाजूंनी गाड्या येत होत्या. सूर्यभान थांबला, मोकळं झालं तसा पलीकडं गेला, आणि तिकडून सवयीनं मागं वळला. सगळी आली का ते बघायला वळायचा तसा. त्याची नजर रस्त्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत रिकाम्या डांबरावरून सावकाश फिरली, आणि म्हाळसाबाईवर येऊन थांबली.

"आलीस का?"

"आले," ती म्हणाली.

ती त्याच्याजवळ पोचेपर्यंत तो उभा राहिला.